विमानांच्या कसरती पाहायला जाताना

डोक्यावरून विमान गेले की हातातले काम टाकून वर पाहणारी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. विमानात बसण्याचा योग ज्यांना अजून आला नाही, त्यांनाही हवाई दलाच्या कसरती तिकिटाशिवाय पाहता येतात. म्हणूनच अशा कार्यक्रमाला कामकरी कुटुंबे मुलाबाळांसह लोटतात. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर अशा कसरती झाल्या. त्याच वर्षी रविवार, ६ ऑक्टोबरला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जे घडले, ते मात्र प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावे असे आहे.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईत सकाळी ११ ते दुपारी १ असा कार्यक्रम ठेवला होता. राफेल, सुखोई, तेजस, जुनी डाकोटा अशी ७२ विमाने व हेलिकॉप्टरे जाहीर झाली होती. सुमारे १५ लाख लोक जमल्याचे अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाले. सकाळपासूनच लोक वाळूत जागा धरून बसले होते.

काय पाहावे, कसे पाहावे?

अशा कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण म्हणजे 'सूर्यकिरण' पथक. ते १९९६ साली स्थापन झाले. आज त्याची नऊ हॉक विमाने एकमेकांपासून पाच मीटरपेक्षाही कमी अंतर राखून उडतात. पाच मीटर म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांची लांबी! 'सारंग' पथक २००३ साली उभे राहिले. सारंग म्हणजे मोर. हे पथक ध्रुव हेलिकॉप्टरांच्या कसरती दाखवते. 'आकाशगंगा' पथकाचे जवान विमानातून उडी घेऊन छत्रीने खाली उतरतात.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आवाज जिकडून येतो तिकडे पाहिले तर विमान दिसत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला तीन सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात पाऊण किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. म्हणून आवाजाच्या पुढे नजर टाकावी. शाळेतला विज्ञानाचा धडा असा उघड्या मैदानात शिकता येतो.

मुलांना हेही सांगा, की सुखोई-३० विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. सूर्यकिरणची विमाने आकाशात रंगीत धूर सोडतात, त्याची उपकरणेही नाशिकच्या हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत बनली. वैमानिकाचे नाव सगळे घेतात. पण विमान उडते त्यामागे फिटर, वेल्डर, वायरमन अशा शेकडो कामगारांचे हात असतात. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला हे कळले तर त्याचा हुरूप वाढेल.

पाच जण घरी परतले नाहीत

चेन्नईत विमाने ठरल्याप्रमाणे उडाली, ठरल्याप्रमाणे उतरली. आकाशातून कोणावर काही कोसळले नाही. तरीही पाच प्रेक्षकांचा मृत्यू झाला. भर दुपारचे ऊन, सावलीचा अभाव, पाण्यावाचून झालेले हाल आणि कार्यक्रम संपताच एकदम निघालेली गर्दी! अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. किनाऱ्याजवळच्या रेल्वे स्थानकांवर पाय ठेवायला जागा नव्हती. तामिळनाडू सरकारने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले. पण गेलेला माणूस त्याने परत येतो का?

हवाई कसरतींच्या इतिहासात विमान गर्दीवर कोसळल्याचे भीषण प्रसंग आहेत. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधील ल्विव शहराजवळ लढाऊ विमान प्रेक्षकांत घुसले व ७७ जण मेले. अशा अपघातांतून धडा घेऊन विमान आणि गर्दी यांत किती अंतर हवे याचे कडक नियम झाले. मग जमिनीवरचा हिशोब कोण करणार? किती माणसांमागे किती नळ, किती मांडव, किती रुग्णवाहिका, बाहेर पडायला किती वाटा? आकाशात मीटर आणि सेकंद मोजले जातात. तशीच मोजदाद उघड्या वाळूत उभ्या असलेल्या माणसासाठीही झाली पाहिजे. पास मिळालेल्या पाहुण्यांना मांडव आणि बाकीच्यांना ऊन, हा न्याय नव्हे. पाणी आणि सावली मागणे हा आपला हक्क आहे.

माता-भगिनींनी एवढे करावे

व्यवस्था होईल तेव्हा होईल, आपण मात्र सावध राहावे. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून बाटली भरून ठेवावी. छत्री, टोपी, सुती कपडे आणि डबा बरोबर असावा. लहान मुलाच्या खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. विमानांचा आवाज प्रचंड असतो. तान्ह्या बाळाला नेऊ नये. लहानग्यांचे कान झाकावेत. वृद्ध व हृदयविकार असलेल्यांनी घरी दूरदर्शनवर पाहणे बरे.

कोणी बरळू लागले, अंग तापून भट्टी झाले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गेल्याबरोबर बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात. कार्यक्रम संपताच धावत सुटू नये. तासभर सावलीत बसून डबा खावा, गर्दी ओसरली की निघावे. एक लोकल चुकली तर दुसरी येते. सगळे सुखरूप घरी आले म्हणजेच दिवस सार्थकी लागला.