आपली रीत आधीच ठरवूया



आपल्या घरात कितीतरी गोष्टी रीत म्हणून चालतात. सून सगळ्यांच्या मागून जेवते. घर पुरुषाच्या नावावर असतं. लग्नात मानपान करावाच लागतो. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पहिल्यापासून तसंच आहे." यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आपलं आपल्याला ठरवता येतं का? येतं. पण ते कधी ठरवायचं, हे फार महत्त्वाचं आहे. आज त्याबद्दल बोलू.

रीत आपल्याला गाठते ती आपण अगदी खचलेलो असतो तेव्हा. घरातला माणूस गेलेला असतो, बाईला कशाचं भान नसतं. आणि तेवढ्यात चार बायका तिला धरून बसवतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात. त्या घटकेला "नको" म्हणायचं बळ तिनं कुठून आणायचं? लग्नाचंही तसंच. बैठकीत देण्याघेण्याच्या याद्या सुरू झाल्या की मुलीच्या आईबापाला मागे सरता येत नाही. मग कर्ज निघतं, नाहीतर जमीन गहाण पडते. म्हणून असे निर्णय घरात सगळं ठीक असताना, चार जणांत बसून घ्यायचे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं एक ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं गावात बंद करायचं. त्याआधीच्या दोन वर्षांत कोरोनानं अनेक घरांतली कर्ती माणसं नेली होती आणि कमी वयात विधवा झालेल्या बाया गावोगावी होत्या. हेरवाडच्या ठरावानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि इतर गावांनीही असंच करावं म्हणून सांगितलं. पुढे अनेक ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले.

या कामामागे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची मोहीम होती. त्यांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली. "माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत," असं प्रतिज्ञापत्र त्यांनी जिवंतपणीच करून ठेवलं. आपल्या कामाची गोष्ट हीच आहे. उद्या भावकीतलं कोणी म्हणालं, "त्याच्या आत्म्याला काय वाटेल?" तर बाईला तो कागद पुढे ठेवता येतो. त्याला काय वाटत होतं, ते त्यानंच लिहून ठेवलेलं असतं.

आणि हे काही आजचंच नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव फुले गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. बाईनं स्मशानाकडे पाऊल टाकायचं नाही, अशा काळात त्यांनी हे केलं. वेगळं वागायची सवय त्या दोघांनी आयुष्यभर केली होती, म्हणून त्या कठीण दिवशी त्यांचं पाऊल अडलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्यानं कुणाला शिक्षा होत नाही. ठराव भिंतीवर लागतो आणि घरात बांगड्या फुटतातच, असंही होऊ शकतं. तिथं कामाला येतो तो आपला बचत गट. गावात मयत झाली की गटातल्या दोघी-तिघींनी लगेच त्या घरी जायचं, त्या बाईजवळ बसायचं, तिच्या हाताला कुणाला हात लावू द्यायचा नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं तिला द्यायचं. आणि तिला स्वतःलाच कुंकू नको असेल, तर तिच्या मनाचा मान ठेवायचा. लावण्याची सक्ती नको, पुसण्याचीही नको.

तुमच्या गावात ठराव झाला नसेल, तर वाट आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. विषय तिथं मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि तिथून ग्रामसभेपुढे न्या. एकटीनं बोलण्यापेक्षा गटानं अर्ज दिला की त्याला वजन येतं.

आणखी एक माहिती. हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं वाटा असतो. तिनं कुंकू लावलं काय, न लावलं काय, या वाट्याला धक्का लागत नाही. मिळालेला वाटा पुढे दुसरं लग्न केलं म्हणूनही जात नाही. "तू आता या घरची राहिली नाहीस," असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात ठेवा.

घराच्या नोंदीचंही आत्ताच बघा. घर नवराबायको दोघांच्या नावे असावं, असं राज्य सरकारचं धोरण आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तुमचं नाव आहे का, ते उतारा काढून पाहा. ही नोंद घरपट्टीसाठी असते, एवढ्यानं मालकी पक्की होत नाही. पण पहिलं पाऊल म्हणून ती करून घ्या. पक्क्या मालकीसाठी नोंदणीकृत दस्त लागतो, त्याची चौकशी दुय्यम निबंधक कार्यालयात करा.

सगळ्या रिती अशा मोठ्याच असतात असं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं पुष्कळ आहेत. पण जी मागून जेवते, तिच्या ताटात कालवण आणि भाजी तळाची येते, हे आपण रोज बघतो. रात्रीचं एक जेवण तरी सगळ्यांनी एका पंगतीत घ्यायचं, एवढं ठरवायला ना ग्रामसभा लागते ना पैसा. पहिले आठ दिवस सासूबाईंना चमत्कारिक वाटेल. त्यांनाही शेजारी बसवा. त्यांनीही जन्मभर मागूनच खाल्लेलं असतं.

मग सुरुवात कशी करायची? गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही घ्या. आपल्या घरी चालणाऱ्या रिती प्रत्येकीनं सांगायच्या. प्रत्येक रितीला तीन प्रश्न विचारायचे. हिचा खर्च किंवा त्रास कोण सोसतं? हिच्यामुळे कुणाला आनंद किंवा आधार मिळतो? उद्या ती बंद केली तर नेमकं काय बिघडेल? काही रिती या प्रश्नांतून टिकतील. दिवाळीचा फराळ वाटणं टिकेल, माहेरवाशिणीची ओटी भरणं टिकेल. त्या हौसेनं करा. ज्या टिकणार नाहीत, त्यांतली एकच यंदा निवडा. नवऱ्याशी आणि सासूसासऱ्यांशी बोला, काय ठरलं ते लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

एका वर्षाला एक रीत बदलली तरी पुष्कळ झालं. आपल्या सुनेला ती पुन्हा मोडावी लागणार नाही.