शेतशिवारातील अदृश्य वायूंची मोजदाद

गावच्या दप्तरात जमिनीचे क्षेत्र, पिकाखालील जमीन, गुरांची संख्या आणि पाऊसमान यांची नोंद सापडते. शेतातून आणि गोठ्यातून हवेत मिसळणाऱ्या वायूंची नोंद मात्र सहसा कोठेही नसते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता वातावरणात रोखून धरतात, म्हणून त्यांस हरितगृह वायू म्हणतात. शेतीप्रधान जिल्ह्यात त्यांची मोजदाद कशी होते आणि तीत ग्रामस्थांचा वाटा कोणता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजमाप नसल्यास काय घडते?

१९९० च्या सुमारास भारतातील भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नावे मांडला गेला. परदेशातील मोजक्या शेतांवर मिळालेले आकडे भारताच्या सर्व भातक्षेत्रास लावल्याने हा अंदाज फुगला होता. १९९१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशातील निरनिराळ्या भातक्षेत्रांत प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. तेव्हा खरा आकडा सुमारे ४० लाख टन, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्शाइतकाच असल्याचे आढळले. आपल्याकडील पुष्कळ भातशेती पावसावर अवलंबून असते. तिच्यात पाणी सतत साचून राहत नाही. ही साधी गोष्ट दूर बसून केलेल्या हिशेबात सुटली होती. मोजणी झाली नसती तर शेतकऱ्यांवरील तो ठपका कायम राहिला असता.

वायू कोठून येतात?

पाणी साचलेल्या जमिनीत प्राणवायू उरत नाही. अशा चिखलातील सूक्ष्म जीव कुजणाऱ्या द्रव्यापासून मिथेन तयार करतात आणि तो मुख्यत्वे भाताच्या रोपातील पोकळ्यांतून वर येतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातही असेच जीव असतात. तेथील मिथेन बहुतांशी तोंडावाटे बाहेर पडतो. नत्रयुक्त खत जमिनीत पडल्यावर त्याचा अल्प भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडून जातो. पालापाचोळा व काड जाळणे, डिझेलवरील पंप व नांगरणी यंत्रे ही आणखी काही उगमस्थाने होत. केंद्र शासनाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या २००७ च्या हिशेबानुसार शेती क्षेत्रातील उत्सर्जनापैकी सुमारे ६३ टक्के जनावरांच्या रवंथातून, २१ टक्के भातशेतीतून आणि १३ टक्के शेतजमिनीतून झाले होते. यावरून लक्ष प्रथम कोठे द्यावयाचे हे कळून येते.

मोजणीच्या दोन रीती

पहिली रीत प्रत्यक्ष मोजणीची. भाताच्या काही रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवतात. ठराविक मिनिटांच्या अंतराने पिचकारीने आतील हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. पेटीतील वायू ज्या वेगाने वाढतो त्यावरून दर हेक्टरी उत्सर्जन काढता येते. लावणीपासून कापणीपर्यंत हे काम पुनःपुन्हा करावे लागते. म्हणून ते निवडक शेतांतच शक्य होते.

दुसरी रीत गुणाकाराची. जिल्ह्यातील जनावरे, क्षेत्र वा खत यांचा आकडा घेऊन त्यास प्रत्येक एककामागील उत्सर्जनाच्या दराने गुणावयाचे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडासाठी दुभत्या गायीमागे वर्षाला ५८, अन्य गुरामागे २७ आणि म्हशीमागे ५५ किलोग्रॅम मिथेन धरला होता. स्थानिक मोजणीचे दर उपलब्ध असल्यास तेच वापरणे अधिक योग्य.

एका गावाचा हिशेब

समजा, गोव्यातील एका गावात ४० हेक्टर सरद भात, ३० दुभत्या गायी, ५० अन्य गुरे आणि २० म्हशी आहेत. जनावरांचा मिथेन १,७४० अधिक १,३५० अधिक १,१०० मिळून ४,१९० किलोग्रॅम होतो. भातासाठी दक्षिण आशियाचा दर, पाणी सतत साचलेले असल्यास, दर हेक्टरी दिवसाला ०.८५ किलोग्रॅम आहे. ११२ दिवसांच्या पिकास दर हेक्टरी सुमारे ९५ आणि ४० हेक्टरांस ३,८०० किलोग्रॅम असा हिशेब येतो. परंतु हंगामात पाणी अनेकदा ओसरून जमीन उघडी पडत असेल, तर हा आकडा ०.५५ ने गुणावा लागतो आणि २,०९० किलोग्रॅम उरतात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता रोखण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट धरली, तर या दोन उत्तरांतील फरक सुमारे ४६ टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. खाजन जमिनीत खारे पाणी असल्यास त्यातील सल्फेटमुळे मिथेन तयार होण्यास अटकाव होतो. म्हणून खाजन, खेर आणि मोरड यांना एकच दर लावून चालत नाही. शेतात पाणी किती दिवस राहिले, हे कोणत्याही उपग्रहापेक्षा शेताच्या धन्यालाच अधिक नेमके ठाऊक असते.

खताचाही हिशेब असाच. ४५ किलोग्रॅमच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २१ किलोग्रॅम नत्र असते. बागायतीत त्यातील एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन गेले, तर या वायूची शक्ती २७३ पट असल्याने एका पोत्यामागे सुमारे ९० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. पिकास न लागलेले खत शेतकऱ्याच्या खिशालाही तितकेच जड पडते.

काळजी कोणती घ्यावी?

एकच बाब दोनदा धरू नये. पंपाची वीज वीजनिर्मितीच्या हिशेबात आली असेल, तर ती शेतीत पुन्हा मिळवू नये. काजू, नारळ आदी झाडांनी साठविलेला कार्बन स्वतंत्र दाखवावा. अंतिम आकडा एकच न देता त्याची किमान व कमाल मर्यादा नमूद करावी; १९९१ च्या मोजणीतही २७ ते ५४ लाख टन अशी मर्यादा दिली होती. मर्यादा सांगणे हा हिशेबातील कमीपणा नसून प्रामाणिकपणा होय.

गावात अशा मोजदादीची वार्ता पसरली की नवा कर येणार, अशी शंका काही जण घेतात व जनावरांची संख्या कमी सांगतात. या हिशेबात कोणा एका शेतकऱ्यास दोषी ठरवावयाचे नसते. बेरीज गावाची व जिल्ह्याची असते. चुकीची माहिती दिल्याने पुढे चुकीचेच उपाय गावाच्या माथी येतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी पावसाची व शेतातील पाण्याची नोंदवही ठेवविल्यास, आणि ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना व विभागीय कृषी कार्यालय यांनी आपापले आकडे परस्परांशी ताडून पाहिल्यास, जिल्ह्याचा हिशेब भक्कम पायावर उभा राहील. आपल्या शेताचे माप आपणच नीट घेतले, तर दुसऱ्याने काढलेल्या अंदाजापुढे मान तुकविण्याची पाळी येत नाही.