गावची भुते आणि त्यांच्या जागा



दक्षिण गोव्यात कासावलीजवळ कुएलीची टेकडी आहे. टेकडीवर एक लहानसे पांढरे कपेल असून त्याच्या अंगणातून दूरवरचा समुद्र दिसतो. दरवर्षी ६ जानेवारीस तेथे तीन राजांचे फेस्त भरते. आसपासच्या गावांतील तीन मुलगे राजवेष धारण करून घोड्यावरून टेकडी चढतात. परंतु आता याच ठिकाणाची कीर्ती ‘झपाटलेली जागा’ म्हणून पसरली आहे. सुट्टीत आलेले तरुण रात्री मोटारसायकली घेऊन तेथे भूत पाहावयास जातात. कथा सांगतात ती अशी, की तीन पोर्तुगीज राजांमध्ये सत्तेवरून कलह झाला, एकाने इतर दोघांना जेवणातून विष घातले व पुढे स्वतःही तेच प्राशन केले. त्या तिघांचे आत्मे तेथे फिरतात.

वस्तुतः पोर्तुगालचा राजा गोव्यात राहून कधी राज्य करीत नव्हता. येत ते गव्हर्नर व व्हाइसरॉय. कपेलाशी निगडित असलेले तीन राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेले तिघे ज्ञानी पुरुष. नावाचा मूळ अर्थ ठाऊक नसलेल्या कोणा वाटसरूने ‘राजे’ म्हटल्यावर सिंहासन व विषप्याला जोडला असावा, असा माझा तर्क आहे. ज्याला कोणी खरोखर मेलेलेच नाही, असे हे भूत आहे.

खेड्यातील जुनी भुते अशी पोकळ नसत. त्यांची उत्तम नोंद आमच्याच पेशातील माणसांनी करून ठेविली आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी खेडोपाडीच्या शाळामास्तरांकडून माहिती मागविली होती. जॅक्सन यांचा १९०९ साली वध झाला. पुढे एन्थोवेन या अधिकाऱ्याने ते साहित्य संपादून कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध केला. त्यात माहितीखाली टीप असते ती अमुक गावचा शाळामास्तर अशी. बहुधा नावही नाही.

या मास्तरांनी दिलेली भुतांची नावे वाचू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक नाव हे एकेका मरणाचे नाव आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला तो मुंजा. त्याचे घर पिंपळ किंवा विहीर. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. धनाची वासना मागे ठेवून गेला तो समंध. आणि बाळंतपणात दगावली ती हडळ किंवा अळवंत. म्हातारपणी, नातवंडांच्या मांडीवर डोके ठेवून गेलेल्या आजोबांचे भूत सहसा कोणी पाहत नाही. ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले, त्यांचीच ही यादी होय.

यांपैकी हडळीचा विचार मनातून जात नाही. बाळंतिणीला चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढे, ती असंबद्ध बोलू लागे. घरची माणसे म्हणत, हिला मागच्या हडळीने धरले. देवऋषी बोलावला जाई. तो सूतिकाज्वर असे. प्रसूती करणाऱ्याच्या अस्वच्छ हातांतून तो जातो, हे व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली केवळ हात धुवावयास लावून दाखवून दिले होते. तरी आपल्याकडे कितीतरी वर्षे ती बाई मरे, आणि पुढच्या बाळंतिणीला भिवविण्यास तिचेच नाव कामी येई. जिवंतपणी जिला औषध मिळाले नाही, तिलाच मेल्यावर अपराधी ठरविणे, याहून क्रूर गोष्ट मला सुचत नाही.

आता विहिरीकडे येतो, कारण तो धोका आजही टळलेला नाही. वापरात नसलेल्या विहिरीत गाळ काढावयास एक माणूस उतरतो आणि हाकेला ओ देत नाही. त्याला काढण्यास भाऊ उतरतो, मागून शेजारी उतरतो. तिघेही वर येत नाहीत. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत आजही वाचतो. गावात म्हणतात, मुंजाने ओढले. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून कर्बद्विप्राणील वायू निघतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो व प्राणवायू कमी पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरणाऱ्यास काही श्वासांतच भोवळ येते.

पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरू नये हे खरे; परंतु तो जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नये. गाळातून निघणारे काही विषारी वायू दिव्याला विझवीत नाहीत, पण माणसाला मारतात. क्वचित पेट घेणारा वायू असला तर ज्योतीनेच भडका उडतो. माझ्या वर्गातील मुलांना मी फळ्यावर विहिरीचे चित्र काढून एवढेच सांगतो, की आत कोणी पडलेला दिसला, तो सख्खा भाऊ असला, तरी मागोमाग उतरू नका. मोठ्या माणसांना हाक मारा, १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवा आणि काठावरून इतरांना मागे धरून ठेवा. गेल्या वर्षी एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग मुंजा तिथे नाहीच का?” मी त्याला त्या विहिरीवर पूर्वी कोण गेले होते, ते घरी आजीला विचारून यावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो नाव घेऊन आला. मुलगा बारा वर्षांचा होता.