खाण मिटण्याआधीची वर्षे



वातावरणात कर्बवायूची भर न घालणारी अर्थव्यवस्था हे ध्येय आता बहुतेक राष्ट्रांनी स्वीकारले आहे. भारताने २०२१ साली त्यासाठी २०७० ही मुदत जाहीर केली. या स्थित्यंतरात कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांचे काय होते, हे जर्मनीतील दोन प्रदेशांवरून चांगले कळते.

पहिला प्रदेश रूर खोऱ्याचा. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसे होती. त्यांतील बहुसंख्य रूरमध्ये. स्वस्त तेल आणि आयात कोळसा यांपुढे या खाणी टिकेनात. (हवामानाचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.) तथापि शेवटची खाण बोट्रॉप येथे मिटली ती २१ डिसेंबर २०१८ रोजी. मधल्या काळात भूगर्भातील कामगारास पन्नाशीपासून निर्वाहभत्ता घेऊन निवृत्त होण्याची सोय झाली, आणि १९६५ मध्ये बोखुमचे विद्यापीठ सुरू झाले. कामगार सहसा वाऱ्यावर सुटला नाही. मात्र एक गोष्ट सहज नजरेआड होते. बापाला भत्ता मिळाला. मुलाची उमेदवारीची जागा खाणीबरोबरच गेली. गेल्झेनकिर्शेन शहरातील बेकारी आजही जर्मनीतील सर्वाधिकांत गणली जाते, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

दुसरा प्रदेश पूर्वेकडील लाउझिट्झचा. तेथे १९८९ साली तपकिरी कोळशावर सुमारे ऐंशी हजार नोकऱ्या होत्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर दहा-बारा वर्षांत त्या दहा हजारांच्या खाली आल्या. शिकवायला अवधी नव्हता आणि शिकून जावे कोठे, हेही ठरलेले नव्हते. तरुण, विशेषतः मुली, गाव सोडून गेल्या. होयर्सवेर्डाची सत्तर हजारांची वस्ती निम्म्याहून कमी झाली.

२०२० च्या कायद्याने तेथील कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत संपवायचा आहे. या खेपेस क्रम पालटला आहे. कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद झाली, आणि कॉटबुस येथे सुमारे १,२०० नोकऱ्यांचा रेल्वे दुरुस्ती कारखाना जानेवारी २०२४ मध्ये, खाणी चालू असतानाच उघडला. खाणीतल्या जोडाऱ्याला आणि वीजतंत्र्याला तेथे थोड्या शिक्षणाने सामावून घेता येते.

आपल्या बैतूल जिल्ह्यातील सारणीला वीजकेंद्राचे जुने संच बंद झाले आहेत. शेजारी पाथाखेड्याच्या खाणी आहेत. रूरच्या कामगारास भत्ता मिळाला, कारण त्याचे नाव खाणीच्या हजेरीपटावर होते. आपल्याकडे कोळसा भरणारे, वाहणारे कितीतरी हात ठेकेदाराचे असतात. त्यांची नावे त्या पटावर नसतात.