कारखान्यातला कोळी : भीती किती, खबरदारी किती?

भिवंडी, मालेगाव, धारावी येथील आपल्या कितीतरी कारागीर बांधवांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतात. अशा ठिकाणी कापडाच्या गाठीमागून पंजाएवढा कोळी निघाला की हातातले काम थांबते आणि कुणीतरी झुरळांचा फवारा घेऊन धावतो. कोळी निसटतो, डाग मात्र तयार मालावर पडतात, आणि खराब मालाचे पैसे कुणाच्या मजुरीतून कापले जातात हे सांगायला नको.

भिंतीवर सरसर पळणारा हा चपटा, तपकिरी कोळी जाळे विणत नाही. रात्री झुरळे पकडून खातो. मादीच्या पोटाखाली पांढरट चकती दिसते, ती अंड्यांची पिशवी. दाबला गेला तर तो चावतो, दुखते, सूज येते, पण बहुधा तेवढ्यावरच भागते. सह्याद्रीच्या जंगलातील केसाळ, मोठे कोळी मात्र वेगळे. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या काही जातींच्या चाव्याने अंगात जबर पेटके येतात. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि अनोळखी कोळ्याला कुणीच उघड्या हाताने धरू नये.

पकडायची रीत सोपी आहे. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी कोळ्यावर पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि लांब नेऊन सोडावे. आमच्या मते फवाऱ्यापेक्षा बरणी स्वस्त.

आता 'मकडी मल गई' या प्रकाराविषयी. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा पट्टा, फोड दिसतात आणि दोष कोळ्यावर जातो. बऱ्याचदा गुन्हेगार असतो मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळा बारीक भुंगा. तो ट्यूबलाइटकडे येतो, चावत नाही. पण अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी पोळते. रात्रपाळीच्या जरीकाम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भुंगा अंगावर बसला तर फुंकून उडवावा, चिरडला तर ती जागा लगेच साबणाने धुवावी. फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला असेल आणि आग होत असेल तर ती नागीण असू शकते. तिचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेले बरे. अशा वेळी मकडीचा उतारा करण्यात दिवस घालवले तर दुखणे लांबते आणि रोजगारही बुडतो.

खरोखर कोळी चावलाच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बोटातली अंगठी काढावी. चुना, डाग, चिरा यांतले काहीही नको. 2012 साली आसामातील सदिया भागात कोळी चावल्याच्या तक्रारी आल्या, दोघे दगावल्याच्या बातम्या होत्या. त्यांच्या जखमा गावठी वैदूंनी ब्लेडने चिरल्या होत्या. मृत्यू विषाने झाला की या उपचाराने, हे ठामपणे ठरले नाही.

घाम सुटणे, पोटात पेटके, श्वासाला त्रास, जखम काळी पडणे यांपैकी काही दिसले, किंवा चावा लहान मुलाला असला, तर थेट सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरचे इंजेक्शन कोळ्यावर चालत नाही, म्हणून त्यासाठी हट्ट धरू नये. मेलेला कोळी बाटलीत घालून न्यावा, किंवा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा.