डोळे राखून ठेवलेला ड्रॅगन

अलीकडे आपल्या समाजातील अनेक घरांत मुलांच्या टॅबवर एक विलक्षण प्राणी वस्तीला आला आहे. कड्याच्या टोकावर पंजे रोवून, मान वाऱ्याकडे वळवून, पंख अर्धे उघडून तो उभा असतो. मागे काळेभोर ढग आणि त्यांत विजेची एक रेघ. तो आग ओकत नाही, कोणावर झडप घालत नाही. त्याला फक्त उडायचे आहे. वसई रोडपासून विरारपर्यंत ज्यांच्या पेढ्या आणि दुकाने आहेत, अशा घरांत हे चित्र पाहून वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : याचा उपयोग काय? प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि रास्त आहे. उत्तर मात्र थोडे दुरून द्यावे लागते.

सहाव्या शतकात चीनमध्ये लिआंग राजवटीत झांग सेंगयू नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याची एक आख्यायिका झांग यानयुआन या लेखकाने नवव्या शतकात रचलेल्या चित्रकारांच्या इतिहासग्रंथात आली आहे. या चित्रकाराने एका मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन रंगवले, पण त्यांचे डोळे मुद्दाम कोरे ठेवले. डोळे काढले तर ते उडून जातील, असे तो सांगे. लोकांना ही बढाई वाटली. फारच आग्रह झाला, तेव्हा त्याने दोघांच्या डोळ्यांत बाहुल्यांचे ठिपके ठेवले. तत्क्षणी ढग गडगडले, विजेने भिंत दुभंगली आणि ते दोन ड्रॅगन मेघांवर आरूढ होऊन निघून गेले. ज्यांना डोळे नव्हते ते दोन भिंतीवरच राहिले. चिनी भाषेत आजही एखाद्या कामातील शेवटच्या निर्णायक स्पर्शाला ‘ड्रॅगनला डोळे देणे’ म्हणतात.

आपल्या वाचकांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. शिल्पी मूर्ती घडवून पूर्ण करतो, तरीही ती पूजनीय होत नाही. अंजनशलाकेच्या विधीत आचार्यभगवंत शुभमुहूर्तावर सुवर्णशलाकेने नेत्रांत अंजन करतात, तेव्हाच ते जिनबिंब होते. तुलना याहून ताणू नये, कारण वीतराग प्रतिमा आणि वादळाची ओढ लागलेला प्राणी यांच्यात दुसरे काहीच समान नाही. परंतु डोळा हे चित्राचे प्राणस्थान आहे, ही जाण दोन दूरच्या देशांत सारखीच आढळते, एवढे निश्चित. आपल्या जुन्या कल्पसूत्राच्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांतील चेहऱ्यांची एक लकब आठवेल : चेहरा बाजूने दिसतो, आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर येऊन जणू हवेत तरंगतो. पश्चिम भारतातील जैन चित्रशैली कलेचे अभ्यासक दुरूनही ओळखतात ती या डोळ्यावरून.

ड्रॅगन आणि वादळ यांची जोडीही आजच्या खेळांनी किंवा चित्रपटांनी लावलेली नाही. सुमारे इ. स. १०० मधील एका चिनी शब्दकोशात ड्रॅगनचे वर्णन आहे : वसंतसंपाताला तो आकाशात चढतो, शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो. म्हणजे पाऊस घेऊन येणारा जीव तो. चेन रोंग या अधिकारी-चित्रकाराने १२४४ मध्ये एका लांब गुंडाळीवर नऊ ड्रॅगन काढले. ती आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीत ढग, लाटा आणि खवले शाईच्या एकाच ओलाव्यातून निघालेले दिसतात, आणि प्राणी कोठे संपतो व वादळ कोठे सुरू होते हे पुष्कळदा कळत नाही. युरोपातला ड्रॅगन निराळा. तो गुहेत धनावर बसतो आणि योद्ध्याच्या हातून मरतो. आपल्या मुलांचा ड्रॅगन शरीराने युरोपचा आणि मनाने चीनचा आहे, असे मला वाटते. पंख वटवाघळाचे, पण ओढ मेघांची.

मग आपल्या मातीत असे काही नाही काय? नववे तीर्थंकर सुविधिनाथ यांचे लांछन मकर आहे. अनेक मंदिरांच्या तोरणांवर तोच मकर सोंड उचलून, जबडा उघडून बसलेला असतो. आणि वादळाचे चित्र हवे असेल, तर वेरूळला जावे. तेथील ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत, विशेषतः इंद्रसभा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३२व्या लेण्यात, पार्श्वनाथांवरील उपसर्ग कोरला आहे. भगवान कायोत्सर्गात निश्चल उभे, मस्तकावर नागफणा, बाजूला छत्र धरलेली पद्मावती. आणि भोवती कोणी सिंहावर, कोणी महिषावर बसून चाल करून येणारे, कोणी शिळा उचललेले आक्रमक. दगडात वारा कोरता येत नाही, तरी त्या शिल्पपटात वारा आहे. तो दिसतो, कारण मधोमध एक आकृती जराही हललेली नाही. वादळ रंगवणाऱ्या मुलाने हा धडा तेथे उभे राहून शिकावा. सर्वच हलते दाखवले तर काहीच हलत नाही.

आता कामाच्या तपशिलाकडे. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील मल्लीच्या कथेत एक चित्रकार येतो. अंगाचा एक भाग पाहिला तरी संपूर्ण व्यक्ती हुबेहूब रंगवण्याची लब्धी त्याला प्राप्त होती. पडद्याआडून दिसलेल्या केवळ अंगठ्यावरून त्याने मल्लीचे चित्र काढले. ड्रॅगन काढणाऱ्याला नेमके हेच करावे लागते, कारण पूर्ण ड्रॅगन कोणीच पाहिलेला नाही. त्याला अंश जमवावे लागतात, आणि आपल्या भागात ते भरपूर आहेत. जुन्या वडा-पिंपळांवर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे पाहा. त्यांचा पंख म्हणजे हातच; अंगठा मोकळा, उरलेली चार बोटे लांबलेली आणि त्यांच्यामध्ये ताणलेली त्वचा. हे ज्याने नीट पाहिले, तो पंखाच्या काड्या छत्रीसारख्या कोठूनही काढत नाही. त्या मनगटापासून फाकतात, हे त्याच्या हाताला कळते. वसईच्या किल्ल्यावर घिरट्या घालणारी घार पाहा. उठताना ती शक्यतो वाऱ्याकडे तोंड करते, कारण समोरून येणारा वारा पंखाला उचल देतो. विमानेही त्याच कारणाने वाऱ्याच्या सन्मुख उड्डाण घेतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्रावरून, नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. तेव्हा किल्ल्याच्या बुरुजावर ड्रॅगन बसवायचा असेल, तर त्याचे तोंड समुद्राकडे हवे, आणि मागच्या माडांच्या झावळ्या पूर्वेला झुकलेल्या हव्यात. पुष्कळ चित्रांत धूर एकीकडे आणि आयाळ दुसरीकडे उडत असते; पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते.

उत्सुकता रंगवणे हे उड्डाण रंगवण्याहून अवघड. उडणाऱ्या प्राण्याचे शरीर सैल आणि लांब असते. उडू पाहणाऱ्याचे आखडलेले. मागचे पाय दुमडलेले, भार पुढच्या पंजांवर, खांदे वर, शेपूट तोल सांभाळण्यासाठी ताठ. पंख पूर्ण उघडले की क्षण हातचा गेला. मिटले तर प्राणी झोपलेला. अर्ध्यावरचा पंख काढण्यात दहा-बारा प्रयत्न फुकट जातात, आणि पालकांना मुलगा एकच चित्र पुन्हा पुन्हा काढताना दिसतो तो याच कारणाने.

डिजिटल चित्रात रंग नसतो, असा एक गैरसमज आहे. स्टायलस काचेवर किती जोराने टेकला हे यंत्र मोजते. चांगल्या पेनमध्ये दाबाच्या ८,१९२ पायऱ्या असतात. हाताचा संयम किंवा उतावीळ तेथेही लपत नाही. चित्र थराथरांनी चढते : मागचे आकाश एका थरावर, कडा दुसऱ्यावर, प्राणी तिसऱ्यावर, पावसाचा पडदा सर्वांच्या वर. जाणते शिक्षक आधी चार-सहा छोटी चित्रे केवळ करड्या छटांत करायला लावतात. काळ्या-पांढऱ्याचा हिशेब जुळला नाही, तर नंतर ओतलेला रंग तोटा भरून काढत नाही. वीज हा एकच तीव्र दिवा मानायचा, तो मागे ठेवायचा, आणि मग पंखाच्या पातळ कातडीतून आरपार येणारा मंद तांबूस प्रकाश आपोआप सुचतो. सूर्याकडे हात धरून बोटांच्या कडा पाहिल्या आहेत त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

साधनांसाठी मोठा खर्च अनिवार्य नाही. क्रिता हे चित्र-सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि दुकानात ज्या संगणकावर जीएसटीचे विवरण भरले जाते, त्याला साधी पेन-टॅबलेट जोडूनही आरंभ होतो.

आता ‘उपयोग काय’ या प्रश्नाकडे. चित्रकाराला पैसे देणे ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. जौनपूर येथे १४६५ मध्ये लिहिलेली सुवर्णाक्षरी कल्पसूत्राची पोथी हर्षिणी नावाच्या एका श्राविकेने करवून घेतली. सोने, नीळसर दगडाची पूड, लेखक, चित्रकार यांचा खर्च अशा गृहस्थ कुटुंबांनी केला, म्हणूनच पश्चिम भारताच्या चित्रकलेची कित्येक शतकांची साखळी ज्ञानभांडारांतून सलग हाती लागते. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, ते चीनशी व्यापार करणाऱ्या सर जमशेदजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. व्यापारी घरांनी चित्रे विकत घेतली. आपलाच मुलगा चित्रकार होण्याची वेळ मात्र फार थोड्या घरांवर आली होती. खरी अडचण तेथे आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पेढी पुढे कोण चालवणार, ही चिंता पिढ्यांच्या कष्टातून आलेली असते.

त्यात २०२२ पासून आणखी एक चिंता जोडली गेली. वाक्य लिहिले की यंत्र क्षणात ड्रॅगन काढून देते. मग मुलाने हात का झिजवावा? जाहिरातीची किरकोळ चित्रे, खोक्यांवरची सजावट, अशी कामे यंत्राकडे जात आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की केवळ यंत्राने निर्मिलेल्या भागावर स्वामित्वाची नोंद होत नाही. ज्या चित्रावर मालकी सांगता येत नाही, ते आपल्या मालाचे बोधचिन्ह करणे कितपत शहाणपणाचे? चित्रपटगृहे व खेळ यांसाठी प्राणी रचणाऱ्या स्टुडिओला एकच प्राणी समोरून, मागून, बसलेला, जखमी असा शंभर वेळा तोच राहिलेला हवा असतो. पंख तेथे का वाकला, याचे उत्तर देणारा माणूस हवा असतो. ज्याने वटवाघूळ पाहिले नाही, त्याला हे उत्तर येणार नाही.

मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाणारच असेल, तर वडिलांकडे देण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते चित्रकलेच्या वर्गात मिळत नाही : करार वाचण्याची सवय. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल, तर नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक साधारणतः नोकरी देणारा असतो, आणि मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या चित्राचा मालक ते काढवून घेणारा. किती कलाकार हे न वाचता काम देऊन मोकळे होतात! ज्याच्या घरी उधारीची वही पिढ्यान्‌पिढ्या चोख राहिली, त्याच्या मुलाने तरी तसे करू नये.

शिक्षणाचे मार्ग आता बरेच आहेत. राज्याच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा शाळेतच देता येतात आणि त्यांनी हाताला शिस्त लागते. पुढे जे. जे. आहे, पवईच्या आयआयटीत १९६९ पासून चालणारे आयडीसी हे अभिकल्प विद्यालय आहे, त्यासाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या घरांना अंतराची भीती सांगण्यात अर्थ नाही. दहावीपर्यंत रोज एक तास आणि कागद-पेन्सिलीची वही एवढे जपले, तरी निर्णय घाईने घ्यावा लागत नाही. दुकानाचा गल्ला सांभाळत हे सहज होते.

शेवटी एक कानगोष्ट, चित्र काढणाऱ्यांसाठी. ड्रॅगनचे डोळे स्वतंत्र थरावर ठेवावेत आणि ते सर्वांत शेवटी काढावेत. बुबुळावरचा पांढरा ठिपका मनाला येईल तेथे ठेवू नये. आकाशात वीज ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला तो पडला पाहिजे. मग तो थर लपवून चित्र पाहावे, दाखवून पाहावे. पंख, ढग, पाऊस सारे तेच असते. एकदा तो कड्यावर ठेवलेला पुतळा वाटतो आणि एकदा वाटते की आता गेला. फोटोशॉपमध्ये थर लपवण्या-दाखवण्यासाठी जी खूण दाबावी लागते, तीही एका लहानशा डोळ्याचीच आहे.