पोट रिकामं, आवाज मोठा

आदिलाबादेत सागाची फळी घ्यायला वखारीत गेलात, तर जाणता सुतार आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतो. ‘टण्ण’ वाजली तर ठीक, ‘भद्द’ वाजली तर पुढची दाखवा!

हेच लाकूड गाण्याला कसं साथ देतं, ते पाहायचं तर याच मुलखातल्या परधानांची किंगरी बघा. घरात मराठी बोलणारी ही भाट मंडळी गोंडांच्या देवांच्या कथा गोंडीत गातात, साथीला तीन तारांची किंगरी. लाकूड कोरून केलेलं पोकळ पोट, त्यावर ताणलेलं चामडं. गज फिरला की तार थरथरते, चामडं थरथरतं आणि पोट घुमतं. वीज नको, वायर नको. पोट हाच लाऊडस्पीकर.

इलेक्ट्रिक गिटारचं सगळंच उलटं. पोलादी तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते, पुढचं अ‍ॅम्प्लिफायर बघून घेतो. इथं पोकळ पोट म्हणजे डोकेदुखीच. स्पीकरचा आवाज त्यात शिरतो, तारा पुन्हा हलवतो, की सुरू झाली कानठळ्या बसवणारी शिट्टी! म्हणून १९४० च्या सुमारास गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या भरीव ओंडक्यावरच तारा चढवल्या. पण लोकांना ती गिटार वाटेना. मग दोन्ही अंगांना जुन्या गिटारचे तुकडे जोडले, निव्वळ दिसण्यासाठी.

भरीव गिटारला हवा तो आकार देता येतो, पण आकार खरा कळतो तो मांडीला. १९५८ ची व्ही अक्षराच्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ गिटार रंगमंचावर झकास, पण बसून वाजवायला घेतली की घसरलीच.

आणि लाकूड? त्यानं सूर बदलतो का, यावर गिटारवाले रात्रभर भांडतील. मला विचाराल तर फरक कानाआधी खांद्याला कळतो. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं ३० जानेवारी १९६९ ला लंडनमधल्या एका गच्चीवर वाजवलेली टेलिकास्टर गिटार रोझवुडची, म्हणजे आपल्या शिसवीच्या गोतातली, आणि चांगलीच वजनदार. त्याच वर्षी डॅन आर्मस्ट्राँग यांची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची गिटार आली. लाकडाचं अंगच नाही, तरी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ती दौऱ्यावर नेली.

सगळ्यांवर ताण ब्रायन मेची. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा ‘क्वीन’ बँडमधला साथीदार. त्यानं १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाची. किड्यांनी पाडलेली भोकं बापलेकांनी आगकाड्यांनी बुजवली.